बारा ते दोन

ॲल्युमिनियम कधीच उघडं नसतं.
घासा, धुवा, आम्लात बुडवून काढा,
टाकीच्या काठावर येईपर्यंत
हवेनं त्याच्या अंगावर काहीतरी टाकलेलंच असतं.
ते आमच्या कामाचं नाही.
ते उतरवून, फॉस्फोरिकच्या टाकीत, दहा व्होल्टांवर,
वीस-बावीस मिनिटं उभं करून
आम्ही त्याला आमच्या मापाचं नवं नेसवतो,
डोळ्यांना न दिसणारं, सगळं छिद्राछिद्रांचं,
गोंदाला पाय रोवायला.

माझं काम पाणी बघण्याचं.
वेर्ण्याच्या पठारावर, तिसऱ्या शेडमध्ये, चौदा वर्षं.
धुतलेला पत्रा उभा धरायचा आणि तीस मोजायचे.
पाणी अखंड राहिलं तर पत्रा पास.
कुठे फाटलं, थेंब होऊन गोळा झालं,
तर तिथे कुणाचा तरी अंगठा आहे,
नाहीतर सकाळी केसांना लावलेलं तेल.
पाणी चहाडी करतं. मी लिहून घेते.

त्या ऑक्टोबरात पाणी गप्प होतं
आणि पत्रे नापास.
तीस मोजले, चाळीस मोजले, पडदा जागचा हलेना.
पोलरायझरमधून पाहिलं, जांभळा.
काच फिरवली, हिरवा. म्हणजे थर नीट बसलेला.
आणि दुपारी प्रायमर मारला की
पिवळ्यात वाटोळी भोकं, कडा उचललेल्या,
मध्ये बुबुळासारखा धातू.
आमच्या धंद्यात याला फिशआय म्हणतात.
इतकी वर्षं म्हणत आलो, कुणी शब्दाकडे पाहिलं नाही.

बंगळुरूहून साहेब आला.
टाक्या उपसल्या, हातमोजे बदलले,
झिलू वेळीपला विचारलं, हाताला क्रीम लावतोस?
तो म्हणाला, लग्नातसुद्धा नव्हतं लावलं.
एका रात्रपाळीला मी वहीतून नुसत्या वेळा उतरवल्या,
एकाखाली एक.
सगळी भोकं बारा ते दोनमधली.
सोमवारी एकही नाही.
सोमवारी.
वही मिटून मी एकटीच हसले.

भिंतीपलीकडे मिलाग्रीनचं कॅन्टीन:
रव्यातले बांगडे, खोबरेल, परातीएवढा तवा,
आणि धूर बाहेर फेकणारा पंखा, ज्याच्यासमोर
सप्टेंबरात आमच्या वाळवणीच्या खोलीची
नवी झडप बसवली होती.
मिलाग्रीन कमरेवर हात ठेवून म्हणाली,
"पंदरा वर्सां हांव नुस्तें तळटां, बाय.
आतां तुमचें विमान चिकटना?"
साहेबाला मी याचं भाषांतर दिलं नाही.
अहवालात 'हवेतले तेलकण' लिहिलं.
बांगड्याचं नाव त्यात कुठेच नाही.

झडप हलवली. मग पट्ट्या जोडून पाहिल्या.
गोंदाची फिल्म उणे अठरातून काढली,
पिशवी न उघडता कोमट होऊ दिली,
नाहीतर गोव्याची हवा तिच्यावर घाम धरते.
भट्टीतून निघाल्यावर पाचर ठोकली,
चिरेच्या टोकाला सुईनं खूण केली
आणि पेटीत ठेवली, पन्नास अंश, हवा ओलीगच्च.
झिलू म्हणाला, पेटी कशाला,
मे महिन्यात मडगावच्या स्टँडवर ठेवा.

चीर पुढे सरकते. ती सरकतेच.
बघायचं ते कुठून गेली.
तुटायचं तर गोंदातून तुटावं,
दोन्ही पट्ट्यांवर थोडा थोडा मागे राहावा.
एक बाजू लख्ख निघाली
तर तिथे काही जोडलेलंच नव्हतं.

आमची दोन मिलिमीटर सरकली,
दोन्हीकडे गोंद.
सही करून उशिरा जेवायला गेले.
मिलाग्रीननं न विचारता दोन बांगडे वाढले,
वर तिखट बोलली काहीतरी, मी ऐकून घेतलं.
बेसिनपाशी साबणानं तीनदा हात धुतले
आणि सवयीनं तसेच उभे धरले.
सातपर्यंतही पोचले नाही.
मनगटापासून खाली थेंब, थेंब.
नापास.